मुक्कामावरची भांडी

ज्येष्ठ महिना सरत आला की गावोगावच्या दिंड्या निघतात. कुणी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालतात, कुणी देहूहून तुकोबांच्या. रोज नवे गाव, रोज नवा मुक्काम. तळ पडतो. चूल पेटते. पंगत उठते. मग उरतो भांड्यांचा ढीग. तो कुठे घासायचा?

नदी जवळ असली की पाय आपोआप तिकडे वळतात. "अहो, वाहतं पाणी निर्मळ! दोन ताटांनी काय व्हायचंय?" असे आपण म्हणतो. पण ते पाणी पुढे कुठे जाते, ते पाहू या.

आळंदी आणि देहू ही दोन्ही गावे इंद्रायणीच्या काठी आहेत. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. माउलींची पालखी वाटेत नीरा नदी ओलांडते. ती नीराही नरसिंहपूरला भीमेलाच मिळते. आणि भीमा जाते पंढरपूरला. तिथे ती चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात.

म्हणजे आपण पंढरीला निघालो, तसे नदीचे पाणीही पंढरीलाच निघालेले असते. वाटेत कितीतरी गावे ते पाणी वापरतात. शेवटी आपणच त्यात स्नान करतो आणि तीर्थ म्हणून ओंजळीने तोंडात घेतो.

पूर्वी वारीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ येई. माणसे वाटेतच दगावत. १८८४ साली रॉबर्ट कॉख नावाच्या जर्मन डॉक्टराला कलकत्त्याच्या एका तळ्यात पटकीचे जंतू सापडले. लोक त्याच तळ्यात अंघोळ करीत, धुणे धूत आणि तेच पाणी पीत. आजारी माणसाचे ताट नदीत धुतले, तर त्याचे जंतू पाण्यात जातात. उलट, घाण पाण्यात ताट धुतले, तर पाण्यातले जंतू ताटाला लागतात. डोळ्यांना ताट लख्ख दिसते, पण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

साबणाचेही तसेच आहे. साबणाच्या पाण्याने मासे मरतात. खरकट्याने शेवाळ माजते.

मग करायचे काय? सोपे आहे. भांडी पाण्याकडे नेऊ नका. पाणी भांड्यांकडे आणा.

१. नदी, ओढा, विहीर यांपासून निदान २०० फूट, म्हणजे सुमारे ८० पावले, दूर बसा.

२. आधी ताटातले खरकटे काढा. हातभर खोल खड्ड्यात टाकून वर माती लोटा. उघड्यावर टाकले तर माश्या बसतात, कुत्री उकरतात. प्लास्टिक मात्र पुरू नका. ते कुजत नाही.

३. तीन मोठी भांडी घ्या. पहिल्यात घासायचे पाणी. दुसऱ्यात विसळायचे चांगले पाणी. तिसऱ्यात उकळते पाणी. पाणी टँकरचे असले तरी शेवटचे पाणी उकळलेलेच हवे.

४. घासायला चुलीची स्वच्छ राख घ्या. राखेने तेलकटपणा सुटतो. साबण लागलाच, तर थोडा घ्या. वाटेवरची माती घेऊ नका. तिच्यात जंतांची अंडी असू शकतात.

५. विसळलेले भांडे उकळत्या पाण्यात बुडवून चिमट्याने काढा. पालथे घालून निथळू द्या. आषाढात ऊन मिळेलच असे नाही, म्हणून हे जरुरीचे. मळक्या फडक्याने पुसू नका. केलेले सारे वाया जाईल.

६. खरकटे पाणी दुसऱ्या खड्ड्यात ओता. मातीतले बारीक जीव त्यातली घाण कुजवतात. निघताना खड्डा बुजवा.

"एवढा खटाटोप कशाला?" असे कुणी विचारील. त्याला सांगा: दिंडीत एकाला हगवण लागली, की दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही. आपल्या मागूनही दिंड्या येत असतात. त्यांनाही तोच घाट, तेच पाणी. आपल्याला जसे पाणी मिळाले, तसेच त्यांनाही मिळायला नको का?

प्रश्न
१. इंद्रायणीचे पाणी पंढरपूरला कसे पोहोचते?
२. तिसऱ्या भांड्यातले पाणी उकळते का हवे?
३. तुमच्या गावातल्या ओढ्याचे पाणी पुढे कोणते गाव वापरते? विचारून लिहा.