माउथ ऑर्गन, श्वास आणि जीभ

मागच्या आठवड्यात पंचविशीचा एक मुलगा चाकूरच्या माझ्या दवाखान्यात आला. वरातीच्या बँडात वाजवणारा. घरी हौसेने माउथ ऑर्गनही वाजवतो. त्याची तक्रार ऐकून मी चकित झालो. "डॉक्टरसाहेब, सूर निघतो, पण तुटक वाजत नाही. जीभ वळत नाही."

त्याचे दुखणे समजण्यासाठी वाद्य थोडे समजून घेऊ. 'शोले' (१९७५) मधला माउथ ऑर्गन आपण सर्वांनी ऐकला आहे. तो भानू गुप्ता यांनी वाजवला होता. साध्या १० छिद्रांच्या वाद्यात, पेटीत असतात तशा, २० रीड असतात. १० श्वास सोडताना वाजतात, १० ओढताना. नवशिका प्रत्येक सुराला छातीने वेगळा धक्का देतो. श्वास जलद व खोल होतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. अशा वेळी घाबरू नये. वाद्य खाली ठेवून शांत बसावे.

खरी युक्ती जिभेची. श्वास एकसारखा चालू ठेवावा आणि बोटाने नळाची धार तोडावी तसा तो जिभेने तोडावा. 'त त त' म्हणावे, मात्र गळ्यातून आवाज काढू नये. सूर मऊ हवा असेल तर 'द'. जलद चालीला 'तक तक' : 'त'ला जिभेचे टोक, 'क'ला मागचा भाग, म्हणजे दोघांना आळीपाळीने विश्रांती. श्वास ओढतानाही हेच. शाळेत दंत्य, कंठ्य घोकले ते इथे कामी येते! सुरुवातीला रोज १० मिनिटे पुरेत.

आता त्या मुलाकडे. आ कर म्हटले, तर तोंडात स्वतःची दोन बोटे जेमतेम गेली. गाल आतून पांढरट व कडक, जीभ ओठांबाहेर येईना. सहा वर्षांचा गुटखा. राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळतेच. सुपारीमुळे गालाच्या अस्तराखाली घट्ट तंतू तयार होतात. आधी तिखटाने आग होते, मग तोंड आखडत जाते. पुढे यातूनच काहींना कर्करोग होतो. आखडलेले तोंड सहसा पूर्ववत होत नाही. पुडी सोडून उपचार घेतल्यास वाढ रोखता येते. वाचकांनी आरशासमोर आपली तीन बोटे उभी धरून दातांमध्ये घालून पाहावीत. जात नसतील तर तपासून घ्यावे.

मुलाला लातूरला दंतवैद्यकीय महाविद्यालयात पाठवले आहे. माउथ ऑर्गन बंद करू का, असे तो विचारत होता. मुळीच नको, म्हटले. बंद करायची ती पुडी. फक्त वाद्य दुसऱ्याच्या तोंडी देऊ नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असणाऱ्याने तर नाहीच. त्याने आधी थुंकी तपासून घ्यावी.