चाकाचे गणित आणि उज्जैनची वाट

परिघाचे सूत्र तुम्हां सर्वांना पाठ आहे. ते रस्त्यावर कसे कामी येते ते पाहा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही घरचे चौघे इंदूरहून सांवेरमार्गे उज्जैनला सायकलने गेलो. अंतर सुमारे ५५ किलोमीटर. इतक्या लांबचा सर्वांचाच हा पहिला प्रवास. माझी सायकल २८ इंची, दहा वर्षांच्या भाच्याची २० इंची. व्यासाला ३.१४ ने गुणा. माझे चाक एका फेऱ्यात सुमारे २.२३ मीटर जाते, त्याचे १.६० मीटर. म्हणजे उज्जैनपर्यंत माझ्या चाकाचे सुमारे २४,७०० फेरे आणि त्याच्या चाकाचे ३४,४००! दात्यांचे प्रमाण सारखे असेल, तर पायडलही त्याच हिशेबाने जास्त.

मूल मागे पडले की आपण मोठी माणसे "चल, जोर लाव" म्हणतो. पालकांनी हे आकडे जरूर लक्षात घ्यावेत.

भाचा सर्वांत पुढे, बाकीचे त्याच्यामागे, असे आम्ही घरूनच ठरवले होते. त्याची चाल ताशी १२ किलोमीटर, तीच सर्वांची. हिशेबाने ४ तास ३५ मिनिटे. सांवेरचे पोहे-जिलेबी व विसावे धरून सहा तास लागले. (जिलेबीत वेळ जास्त गेला.)

क्षिप्रेवर पोहोचल्यावर भाचा म्हणाला, "मामा, परतताना तुमची सायकल मला द्या." त्याचे पाय पायडलपर्यंत पुरेनात. परतताना सायकली बसच्या टपावर चढवल्या.

आता गृहपाठ : आपल्या सायकलचे चाक मोजा आणि घरापासून शाळेपर्यंत किती फेरे होतात ते काढून आणा.