गळणारे छप्पर कोणाचे?

लोहगडवाडीसारख्या मावळातील गावात स्वतंत्र घर असले की प्रश्न सोपा असतो. मृगापूर्वी ज्याने त्याने आपले घर शाकारावे. रस्ता, गटार व पाणी ग्रामपंचायतीने पाहावे. परंतु नोकरीनिमित्त लोणावळा, तळेगाव, पिंपरी येथे सदनिका घेतली की छप्पर एकट्याचे राहत नाही आणि वादास तोंड फुटते. म्हणून नियम माहीत असणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खालील आदर्श उपविधींत दुरुस्तीची वाटणी स्पष्ट आहे. संस्थेकडे : आवारातील रस्ते, कुंपणभिंत, जिने, गच्ची, बाहेरच्या भिंती, पाण्याच्या टाक्या व पंप, बाहेरील जलवाहिन्या, सांडपाण्याच्या वाहिन्या, लिफ्ट, तसेच सदनिकेच्या मेन स्विचपर्यंतची वीजवाहिनी. गच्चीतून पाऊस झिरपून वरच्या मजल्याचे छत किंवा गिलावा खराब झाल्यास तोही खर्च संस्थेचाच. बाकीचे सर्व सभासदाकडे. एखाद्याच्या संडास-मोरीतून वा सिंकमधून आतली गळती होऊन खालच्या घरात पाणी उतरले, तर दुरुस्ती त्या सभासदाने स्वखर्चाने करावयाची.

पैसा कोठून येतो? दुरुस्ती निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के व सिंकिंग फंड किमान 0.25 टक्के. उदाहरणार्थ, सदनिकेचा बांधकाम खर्च 8,00,000 रुपये धरल्यास वर्षाला अनुक्रमे 6,000 व 2,000 रुपये होतात. म्हणजे दोन्ही मिळून महिन्याला सुमारे 667 रुपये. सफाई, पहारेकरी इत्यादी सेवाशुल्क मात्र सर्व सदनिकांना सारखे असते.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. इमारत महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, 1970 खाली असेल, तर सामाईक खर्च घोषणापत्रातील हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो. तेव्हा आपली कागदपत्रे प्रथम पाहावीत.

"गच्ची गळते, म्हणून वर्गणी देणार नाही," असे पुष्कळ जण म्हणतात. त्याने थकबाकीदार हा शिक्का बसतो आणि दुरुस्तीचा निधीही आटतो. त्यापेक्षा लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, विषय सर्वसाधारण सभेत मांडावा, आणि तरीही दाद न लागल्यास निबंधकाकडे किंवा सहकार न्यायालयात जावे.

इमारत 15 वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी, व 30 वर्षांनंतर दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावयाची असते. हा खर्च टाळणे जिवावर बेतू शकते.

विद्यार्थ्यांनी आपल्या संस्थेचे उपविधी मिळवून घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावेत. घर विकत घेण्यास आयुष्याची पुंजी लागते. ते राखण्यास आपला वाटा कोणता, हे ठाऊक असलेच पाहिजे.