एकाच संगणकात दोन परिचालन प्रणाली : स्वतंत्र डिस्कची योजना

कोल्हापूर जिल्ह्यास संगणकाचा परिचय तसा जुना आहे. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी परिसरातून, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावे संगणकाने जोडण्याची योजना हाती घेण्यात आली. उसाचे वजन व बिल यांची माहिती शेतकऱ्यास आपल्या गावातच मिळू लागली. पुढे यंत्रे जुनी झाली, त्यांची देखभाल जड जाऊ लागली, आणि २००७ च्या सुमारास त्यांतील काही काम मोबाईलवरील संदेशांद्वारे करून पाहण्याचा प्रयोग झाला. यंत्र थकले तरी काम थांबत नाही. ते दुसऱ्या मार्गाने चालू ठेवावे लागते.

आज हाच प्रश्न अनेक ग्रामपंचायती व शाळांपुढे निराळ्या रूपात उभा आहे. संगणकाची सर्व कामे ज्या मूळ आज्ञावलीवर चालतात तिला परिचालन प्रणाली, व्यवहारात ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणतात. त्यांपैकी विंडोज १० या प्रणालीस मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्या. शुल्क भरणाऱ्या संस्थांसाठी ऑक्टोबर २०२८ पर्यंतची वाढीव सोय आहे. परंतु ती मुदतवाढच होय. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था व ठरावीक यादीतील प्रोसेसर आवश्यक असल्याने २०१७ पूर्वीची बहुतेक यंत्रे, ती सुस्थितीत असली तरी, अपात्र ठरतात.

अशा यंत्रावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घालता येते. तिच्या उबुंटू व मिंट या आवृत्त्या सर्वपरिचित आहेत. आपल्याकडील सी-डॅक संस्थेने ‘बॉस’ नावाची आवृत्ती तयार केलेली आहे. केरळातील शासकीय शाळांमध्ये तर अनेक वर्षे लिनक्सवरच शिक्षण दिले जाते. तथापि विंडोज पुसून टाकावी असा सल्ला देणे आम्हांस योग्य वाटत नाही. कार्यालयात श्री-लिपीसारख्या जुन्या टंकांत तयार केलेली पत्रे, ठराव व याद्या असतात. त्यांचा टंक नसलेल्या यंत्रावर ती अक्षरे निरर्थक चिन्हांसारखी दिसतात. डिजिटल स्वाक्षरीचे टोकनही पुष्कळदा विंडोजसाठीच केलेल्या आज्ञावलीवर अवलंबून असते. म्हणून दोन्ही प्रणाली ठेवाव्यात. जुनी मोजक्या कामापुरती व शक्यतो इंटरनेटपासून दूर राहील, आणि नवी रोजच्या वापरासाठी असेल. यासच ड्युअल बूट म्हणतात.

एकाच डिस्कचे भाग पाडूनही हे साधते. परंतु भाग पाडताना एक चुकीची निवड झाली तर दहा वर्षांचे दप्तर क्षणात नाहीसे होऊ शकते. त्यापेक्षा लिनक्ससाठी वेगळी एसएसडी घ्यावी. उबुंटूस २५ जीबी जागा पुरते. त्यामुळे बाजारातील लहानात लहान डिस्कही बहुधा पुरेशी होते.

प्रथम सर्व महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी. विंडोजमध्ये बिटलॉकर सुरू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. सुरू होण्याच्या मांडणीत बदल झाला की यंत्र ती मागू शकते. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते सुरू असता विंडोज पूर्णपणे बंद होत नाही, अर्धवट झोपलेली असते, आणि त्या अवस्थेत लिनक्समधून तिच्या डिस्कवर काही लिहिल्यास फायली बिघडण्याचा संभव असतो. नंतर लिनक्सची प्रतिमा पेनड्राइव्हवर उतरवून, काहीही न बसवता, पेनड्राइव्हवरूनच ती चालवून पाहावी. प्रिंटर, वाय-फाय व मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक चालतो की नाही हे येथेच कळते. ही चाचणी पुष्कळजण टाळतात व मग प्रिंटरसाठी अडून बसतात.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. यंत्र बंद करून, विजेची वायर काढून, विंडोजच्या डिस्कची केबल सोडवून ठेवावी. नवी डिस्क तेवढी जोडलेली असावी. हा सावधपणा अनाठायी नाही. यंत्र सुरू होताना जी छोटी आज्ञावली प्रथम वाचली जाते तिला बूट लोडर म्हणतात. दुसरी डिस्क निवडलेली असतानाही उबुंटूचा इन्स्टॉलर हा बूट लोडर पहिल्या डिस्कवर ठेवतो, असे घडलेले आहे. मग एक डिस्क काढली की दुसरीही सुरू होत नाही, आणि स्वतंत्र डिस्कचा हेतूच फसतो. केबल सोडवलेली असली की हा धोका उरत नाही. डिस्क मदरबोर्डवर स्क्रूने बसवलेली असेल तर ती काढणे जाणकाराकडूनच करून घ्यावे. विंडोज ज्या पद्धतीने, म्हणजे यूईएफआय अथवा जुन्या बायोस पद्धतीने, बसवलेली आहे त्याच पद्धतीने लिनक्सही बसवावी. काम चालू असता वीज जाणार नाही अशी यूपीएसची व्यवस्था हवीच.

लिनक्स सुरळीत सुरू झाल्यावर यंत्र बंद करून जुनी केबल पुन्हा जोडावी. यंत्राच्या सेटिंगमध्ये जी डिस्क पहिली ठेवाल ती प्रणाली नेहमी सुरू होईल. दुसरी हवी असेल तेव्हा यंत्र चालू करताच बूट मेनूची कळ दाबावी. डेल व लेनोव्हो यंत्रांत ती बहुधा एफ१२, एचपीमध्ये एफ९ असते.

सुरुवातीस एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. लिनक्समधून विंडोजमध्ये आले की घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. यंत्रातील घड्याळ लिनक्स जागतिक वेळेनुसार ठेवते, विंडोज त्यास स्थानिक वेळ समजते. आपल्या वेळेतील नेमका तेवढाच फरक दिसतो. लिनक्सला स्थानिक वेळ पाळण्याची सूचना एकदा दिली की प्रश्न मिटतो. पत्रांवर तारीख-वेळ महत्त्वाची असल्याने हे विसरू नये. नवे लेखन युनिकोडमध्येच करावे, म्हणजे ते दोन्हीकडे सारखेच वाचता येईल.

स्वतंत्र डिस्कने सर्वच संकटे टळतात असे मात्र नाही. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका सुधारणेने यंत्राच्या सुरक्षित-प्रारंभ व्यवस्थेत बदल केला व अनेक यंत्रांवर लिनक्स सुरू होईनाशी झाली. हा बदल मदरबोर्डच्या स्मृतीत होत असल्याने डिस्क वेगळी असूनही त्याचा उपद्रव होऊ शकला. शिवाय दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी कोल्हापूर शहरात व शिरोळ तालुक्यातील गावांत शिरले होते. एकाच पेटीतील दोन्ही डिस्क अशा पाण्यात एकदमच बुडतात. नदीकाठच्या कार्यालयांनी तिसरी प्रत उंचावरील दुसऱ्या इमारतीत, पावसाळ्यापूर्वीच, नेऊन ठेवावी.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, शिक्षकांच्याही होतात. कोणती प्रणाली कोणत्या डिस्कवर आहे आणि बूट मेनूची कळ कोणती, हे जडवस्तू नोंदवहीत त्या संगणकाच्या नोंदीपुढेच लिहावे; पासवर्ड व रिकव्हरी की मोहोरबंद लिफाफ्यात ठेवून कार्यभार देताना यादीत दाखवाव्यात.