पेज चालवायला किती लागतात?

पुढच्या निवडणुकीवर डोळा ठेवून असलेला कार्यकर्ता हल्ली बॅनरवाल्याच्या आधी पोस्ट बनवणारा पोरगा गाठतो. तो सांगतो, ‘‘महिन्याला तीस पोस्ट, आठ रील.’’ खिशात हात घालण्याआधी विचारा, त्यातल्या जयंती-पुण्यतिथी-वाढदिवसाच्या किती? त्या कोणी वाचत नाही. ज्याचा वाढदिवस, तोही आपला फोटो साहेबांच्या शेजारी आहे ना, एवढंच बघतो.

सुरुवातीला लागतं फार थोडं. मोबाईल असतोच, कॉलर माइक आणि साधा स्टँड हजार-दोन हजारांत येतो. ‘उद्या टाकी धुणार, पाणी सहाऐवजी नऊला येईल’ हा प्रभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री टाकलेला मेसेज फुकट असतो आणि सकाळी नळावर तुमचं नाव निघतं. पाणी नऊलाही आलं नाही, तर तेही तुम्हीच सांगायचं. गप्प बसलात की संपलं. एका ग्रुपात 1024 जण मावतात. ब्रॉडकास्टचा मेसेज मात्र तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर रोज 300 रुपयांची जाहिरात महिनाभर चालवली, तर 9,000 रुपये आणि 18 टक्के जीएसटीचे 1,620, एकूण 10,620. राजकीय जाहिरातीसाठी मेटाकडे ओळख पटवावी लागते, पैसे कोणी दिले तेही दाखवावं लागतं. ते काम आधीच उरकून ठेवा. तुमचा खर्च किती, याचा अंदाज अ‍ॅड लायब्ररीत विरोधकालाही दिसतो. विकतचे फॉलोअर घेऊच नका, त्यांचं नाव तुमच्या मतदारयादीत नाही.

आमच्याकडे एकाचं पेज पोराच्याच खात्यावरून उघडलं होतं. पैशावरून बिनसलं आणि पोरगा पेजसकट गेला. पासवर्ड आणि अ‍ॅडमिनपद स्वतःकडे ठेवा.

विधानसभेला उभे राहिलात, तर महाराष्ट्रात खर्चमर्यादा 40 लाखांची आहे. निवडणूक आयोगाच्या 2013च्या सूचनेप्रमाणे जाहिरातच नव्हे, तर मजकूर बनवण्याचे पैसे आणि खाती सांभाळणाऱ्यांचा पगारही त्यात धरतात. जाहिरात माध्यम प्रमाणन समितीकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते. उमेदवाराने किमान तीन दिवस आधी अर्ज द्यायचा.

म्हणून त्या पोराकडून दरमहा पक्कं बिल घ्या. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यावा लागतो. सबळ कारणाशिवाय तो दिला नाही, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवतो.