बाळाचे आसन आणि घराचा कठडा

शास्त्रवाचन : अनुवाद २२:८, २ शमुवेल ४:४ व ९:१३, स्तोत्र १२८:३

नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, म्हणजे कोणी खाली पडल्यास त्या घरावर रक्तपाताचा दोष येणार नाही, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात आहे. अपघात होण्यापूर्वीच त्याचा विचार करणे हा प्रीतीचाच भाग आहे, हे तत्त्व तिच्यात दडलेले आहे. बाळासाठी उंच खुर्ची घेताना हेच तत्त्व आपल्याला मार्गदर्शक ठरते.

१. योग्य समय

पहिले ६ महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे व त्यानंतर वरचे अन्न सुरू करावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बहुतेक बाळे ४ ते ९ महिन्यांच्या दरम्यान आधाराविना बसू लागतात. म्हणून शेजारच्या बाळाशी तुलना करू नये. मान स्थिर झाल्याशिवाय आणि थोड्या आधाराने ताठ बसता आल्याशिवाय बाळाला खुर्चीत बसवू नये. मागे रेललेल्या बाळाला भरवल्यास घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

२. खुर्चीची पारख

खुर्चीचा पाया रुंद असावा. पट्टा कमरेभोवती व दोन्ही पायांमधून जाणारा असावा, आणि तो प्रत्येक वेळी बांधावा. समोरचा ट्रे पट्ट्याचे काम करीत नाही; बाळ त्याखालून घसरू शकते. खुर्ची भिंतीला किंवा मेजाला लागून ठेवू नये, कारण बाळ पायांनी रेटा देऊन ती उलटवू शकते.

पाय लोंबकळत असतील तर बाळाला स्थिर बसता येत नाही. पावलांखाली फळी हवी. नॉर्वेचे रचनाकार पीटर ऑप्स्विक यांनी १९७२ मध्ये तयार केलेल्या ‘ट्रिप ट्रॅप’ खुर्चीत बैठक व पायफळी दोन्ही वरखाली सरकवता येतात. त्यामुळे मूल वाढले तरी तीच खुर्ची उपयोगी पडते. अशी महाग खुर्ची घेतलीच पाहिजे असे नाही. मात्र नातेवाइकांकडून जुनी खुर्ची मिळाल्यास तिचे स्क्रू, तडे व पट्टे तपासूनच ती वापरावी.

३. इतर आसने

खुर्ची परवडत नसल्यास खंत नको. आईची किंवा आजीची मांडी आणि जमिनीवर अंथरलेली चटई ही कोणत्याही खुर्चीपेक्षा हलकी आसने नव्हेत. चटईवर बाळाला पालथे होणे, वळणे, रांगणे हे सारे शिकता येते. म्हणून त्याला खुर्चीत तासन्‌तास बांधून ठेवू नये. बैठकीच्या चाकांच्या वॉकरपासून मात्र दूर राहावे. त्यात बाळ क्षणात जिन्यापर्यंत पोहोचते, आणि चालणेही लवकर येत नाही. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरवर बंदी घातली. मोटारीतील आसन प्रवासासाठी आहे. घरी बाळाला त्यात झोपवू नये, सपाट अंथरुणावर उताणे निजवावे.

४. घाईचा धडा

योनाथानाचा पुत्र मफीबोशेथ पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडला व दोन्ही पायांनी लंगडा झाला. दाईच्या मनात वैर नव्हते. ती त्याला वाचवण्यासाठीच धावत होती. अपघात बहुधा घाईतच घडतात. दाराची घंटा वाजली, दूध उतू गेले, आणि बाळ खुर्चीत एकटे राहिले, एवढेही पुरेसे होते. अशा वेळी दूध उतू गेले तरी चालेल; बाळाला आधी उचलून घ्यावे.

पुढे त्याच मफीबोशेथाला दाविदाने आपल्या मेजावर कायमचे स्थान दिले. स्तोत्रकर्त्यानेही मेजाभोवतीच्या मुलांना जैतुनाच्या रोपांची उपमा दिली आहे. बाळाचे आसन कोपऱ्यात न ठेवता कुटुंबाच्या पंगतीत ठेवावे. तेथेच ते जेवण्यास शिकेल, आणि जेवणापूर्वी हात जोडण्यासही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात ‘कठडा’ नसलेली जागा कोणती?
२. बाळ सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना किंवा आयाला आपण पट्टा बांधण्यास शिकवले आहे काय?
३. आपल्या मंडळीतील गरजू कुटुंबाला सुस्थितीतील खुर्ची देता येईल काय?