राजवाडा की कैदखाना?

मुलांनो, सहलीला गेल्यावर तुम्ही जुन्या इमारती पाहता. भिंती पाहता, खिडक्या मोजता आणि पुढे निघता. आज आपण एका इमारतीपाशी थोडे थांबू या.

रत्नागिरी शहराला लागून भाट्ये हे गाव आहे. येथे काजळी नदी अरबी समुद्राला मिळते. भाट्याचा पूल ओलांडला की राजिवडा लागतो. तेथून चढ चढून वर गेलात की थिबा राजवाडा दिसेल. तीन मजली इमारत, उतरती छपरे आणि अर्धगोल लाकडी खिडक्या! तुम्ही म्हणाल, "राजा किती सुखात राहत असेल!"

पण थिबा हा रत्नागिरीचा राजा नव्हता. तो ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा होता. इंग्रजांनी १८८५ साली त्याचे राज्य घेतले. प्रजेपासून दूर ठेवण्यासाठी १८८६ साली त्याला रत्नागिरीला आणले. हा राजवाडा १९१० साली तयार झाला. येथे नोकर होते, पण मायदेशी परतण्याची परवानगी नव्हती. १९१६ साली थिबा येथेच मरण पावला. त्याची कबर रत्नागिरीतच आहे.

आता दुसरा राजा आठवा. बादशहा बहादूरशहा जफर यांचे नाव तुम्हांला ठाऊक आहे. ते उर्दूचे मोठे शायर होते. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी त्यांना दिल्लीहून ब्रह्मदेशात, रंगूनला पाठवले. १८६२ साली तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांची मजार रंगूनलाच आहे.

पाहा, दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा कोकणात! दोघांनाही आपल्या मातीत जागा मिळाली नाही.

राजवाड्याजवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. तेथे उभे राहून पाहा. तुम्ही संध्याकाळी घरी परत जाल. थिबाला मात्र तीस वर्षे परत जाता आले नाही.

म्हणून मुलांनो, जुनी इमारत पाहताना ती कोणी बांधली एवढेच विचारू नका. तेथे कोण राहिले आणि का राहिले, हेही विचारा.

स्वाध्याय
१. थिबा राजाला रत्नागिरीला का आणले?
२. थिबा आणि बहादूरशहा जफर यांच्यात कोणते साम्य आहे?
३. 'राजवाडा की कैदखाना?' तुमचे मत पाच वाक्यांत लिहा.